अकरावा रकाना

ताटं उचलली गेली, सुपारी फिरली आणि तरी कोणी उठेना, तेव्हा प्रभाकररावांनी ओळखलं की आता वकिलाचा विषय निघणार. त्यांना जेवण गेलं नव्हतंच.

कापूस वेचणीचे दिवस. अल्लीपूरच्या त्या घरात पुढची खोली खिडकीच्या गजांपर्यंत कापसानं भरलेली, बसायला दारापाशी सतरंजीपुरती जागा. त्या सतरंजीवर प्रभाकरराव, त्यांचे धाकटे भाऊ वासुदेवराव आणि मुलगा गुलाब गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. सून रूपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी. आणि जिच्यापायी ही बैठक भरली ती नात, अंकिता, कापसाच्या ढिगाला पाठ टेकून कोपऱ्यात.

एकवीस दिवसांपूर्वी शाळेनं तिला एका कागदानं घरी बसवलं होतं. सेलूकडच्या एका संस्थेच्या शाळेत अडीच वर्षं तिनं सहावी-सातवीला गणित शिकवलं. कोणाची तक्रार नाही. दिवाळीआधी वर्गाच्या मागच्या अंगाला टिनाचं शेड उभं राहायला लागलं, दिवसभर ठोकाठोक सुरू झाली आणि पोरांचं बोलणं तिला ऐकू येईना. मग या शहाण्या पोरीनं घरी कोणाला न विचारता मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला, की मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मी यंत्र वापरते, तरी वर्ग बदलून मिळावा. वर्ग बदलला नाही. तिची फाईल मात्र निघाली. रुजू होताना भरलेल्या माहितीपत्रकात अकरावा रकाना होता, 'शारीरिक अपंगत्व आहे काय?' त्यापुढे स्वच्छ, गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'नाही'. खोटी माहिती देऊन नोकरी मिळवली, सबब सेवा समाप्त. आदेशासोबत त्या माहितीपत्रकाची झेरॉक्ससुद्धा जोडून दिली होती.

तो 'नाही' प्रभाकररावांनी लिहिला होता.

या घराची रीतच तशी. कागद म्हटला की तो प्रभाकररावांपुढे सरकायचा. पंचायत समितीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, निळ्या-काळ्या शाईचं पेन, आणि अक्षर असं की गावातल्या अर्ध्या लग्नपत्रिकांवरची नावं अजून त्यांच्याकडून लिहून नेतात. पीकविमा असो, रेशनकार्ड असो, गुलाबच्या ट्रॅक्टरचा कागद असो, म्हाताऱ्यानं भरायचा आणि ज्याचा त्यानं सही ठोकायची. वाचायचं कशाला, आबाजींनी लिहिलंय ना. अंकितानंही तशीच सही केली. आणि आदेश आला त्या दिवशी गुलाबनं डोकं धरून विचारलं, की त्या रकान्यात असं कोणी लिहिलं, तेव्हा प्रभाकररावांनी तोंड उघडायच्या आत ती पोरगी बोलून गेली होती, "तेवढा रकाना म्या भरला. आबाजीनं कोरा ठेवला होता."

प्रभाकररावांनी ते ऐकलं आणि ते गप्प राहिले. आज, उद्या, परवा सांगू, असं करत एकवीस दिवस गप्प राहिले. जितके दिवस जात होते तितकं सांगणं जड होत होतं.

वासुदेवरावांनी सुपारीचा तुकडा गालात सरकवला आणि बोलायला सुरुवात केली. वकील शोधायला कुठं लांब जायचं नाही, म्हणाले. हिंगणघाटचे आपले वकीलसाहेब आहेत की. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या केसमध्ये बारा वर्षं आपल्यासाठी लढले. आता ते बारा वर्षं लढले हे खरं, पण धुरा अजून शेजाऱ्याच्याच ताब्यात होता, ही गोष्ट वासुदेवराव कधी काढत नसत. आपला वकील म्हणजे आपला, जसा आपला किराणेवाला आणि आपला न्हावी.

त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे वासुदेवरावांनी जेवढं सांगितलं तेवढं. मग म्हणाले, कोर्टकचेरी नको. संस्थेचे अध्यक्ष माझ्या बसण्या-उठण्यातले आहेत. मुलीनं एक माफीनामा लिहून द्यावा, चूक झाली म्हणावं, आणि राजीनामा द्यावा. म्हणजे ते आदेश मागं घेतील, कागदावर डाग राहणार नाही, उद्या दुसरीकडे नोकरी लागेल. मुलीची जात आहे, लग्न व्हायचंय, केस केली तर गावभर होईल. मुलीला किती ऐकू येतं, नोकरी किती वर्षं झाली, आदेश केव्हा मिळाला, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मुलीशी बोलायचंय असंही म्हणाले नाहीत.

प्रभाकररावांच्या छातीवरचा दगड एकदम हलका झाला. माफीनामा दिला की फाईल बंद. फाईल बंद झाली की तो रकाना कोणी पुन्हा बघणार नाही. आणि हे मनात आलं त्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी उगाच उठून माठातलं पाणी घेतलं.

"झालं तर मग," वासुदेवराव म्हणाले. "दादा, माफीनामा तुमीच लिहा. तुमच्या अक्षरात शोभून दिसते."

गुलाब सतरंजीचे दोरे ओढत होता. गुलाबचं हे नेहमीचंच. बाप आणि काका एका बाजूला असले की तो असाच मान खाली घालून बसायचा. गेले तीन आठवडे तो बायकोजवळ एक आणि बापाजवळ दुसरं बोलत होता, आणि दोन्हीकडे खरं बोलत होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मामाजी, मी बोलू का?"

सत्तावीस वर्षांत रूपाली सासऱ्यासमोर बैठकीत बोललेली नव्हती. तिला काही सांगायचं असेल तर ती गुलाबला सांगे आणि गुलाब अर्धं विसरून उरलेलं सांगे. आज तिनं डोक्यावरचा पदर सावरला, पण दार सोडून ती दोन पावलं पुढं आली. गुरुवारी अंकिताच्या यंत्राची दुरुस्ती करायला त्या दोघी सावंगीच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं कान तपासणारी जी बाई होती, तिनं यंत्र साफ करता करता सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की वर्ध्याच्या कोर्टात विधी सेवेचं ऑफिस आहे, बायांना आणि दिव्यांगांना तिथं फुकट वकील मिळतो. रूपालीनं नंबर घेतला. परवा फोन केला. मडावी मॅडम म्हणून कोणी होत्या.

"त्या मॅडमनं मले पयले एकच विचारलं," रूपाली म्हणाली, "आदेश हाती कोणत्या तारखेले पडला. म्या सांगतलं. तर म्हणे, शाळेविरुद्ध अपील कराले तीस दिवस असते. आज नऊ राह्यले."

नऊ हा आकडा खोलीत पडला आणि कोणी उचलेना. गुलाबनं पहिल्यांदा मान वर केली. वासुदेवरावांना तीस दिवसांची गोष्ट माहीत नव्हती, आणि त्यांच्या वकीलसाहेबांनी ती सांगितली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण माघार घेणारा माणूस तो नव्हे. त्यांनी दुसरा पत्ता काढला. आर्वीचं स्थळ त्यांनी स्वतः आणलं होतं. मुलगा बँकेत, माणसं चांगली, पुढच्या महिन्यात बघायला येणार होती. त्यांना कानाचं अजून सांगितलेलं नव्हतं.

"केस केली तर पेपरात येईन," ते म्हणाले. "आर्वीवाल्याईले मी काय सांगू?"

"खरं सांगा," रूपाली म्हणाली. "चौदा वर्षं म्या तिचे कान झाकले, काकाजी. रोज सकाळी, माह्या हातानं. वेणी खालून घे, बटा पुढं घे, पाहुण्याईच्या समोर उजेडात नोको बसू. पोट्टी शाळेत शिकवाले लागली तरी मी तिले विचारत राहो, कोणाले दिसलं तर नाई ना. आता नाई झाकत मी."

ती रडत होती, आणि पुसत नव्हती. प्रभाकररावांना वाटलं, हिनं निदान स्वतःच्या वाट्याचं सांगून टाकलं. आपल्याला तेवढंही जमत नाही.

वासुदेवरावांनी आवाज खाली आणला आणि भावाकडे वळून म्हणाले, की पोरगी लहान आहे, तिला यातलं काय कळतं, तुम्ही मोठे आहात, तुम्ही ठरवा.

"लहान आबाजी, मले ऐकू येऊन राह्यलं," कोपऱ्यातून अंकिता म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कापूस घरात आला की त्या खोलीत आवाज घुमत नसे, आणि वर्षातले हे दोन महिने अंकिताला घरातलं बोलणं जवळपास सगळं कळायचं. ही गोष्ट तिला ठाऊक होती. घरच्यांनी कधी विचारली नव्हती, म्हणून त्यांना ठाऊक नव्हती.

"माफीनाम्यावर सही माही लागन ना?" ती म्हणाली. "मी नाई करत. म्या वर्ग बदलून मागितला. त्याची माफी कायची?"

गुलाबनं सतरंजीचा दोरा सोडला. उद्या सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जाऊ, म्हणाला. हे त्यानं बापाकडे न बघता म्हटलं. वासुदेवराव चपला घालून निघून गेले, जाताना एवढंच बोलले की आमचं काय, आम्ही भल्यासाठी सांगतो.

ते गेल्यावर रूपाली सासऱ्यांपाशी आली. मॅडमनं अंकिताचं जुनं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं होतं. नोकरीच्या आधीचं असेल तर फार कामाचं, म्हणाल्या होत्या. बारा वर्षांची असताना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यातून काढलं होतं ते. मामाजींनीच तर जपून ठेवलं होतं.

"पाह्यलं म्या," प्रभाकरराव म्हणाले. "सापडून नाई राह्यलं."

ते त्यांच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्यांच्या खाली, अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली होतं. सहा वर्षांपूर्वी समुद्रपूरचं एक स्थळ सगळं सांगूनसवरून पसंतीपर्यंत आलं होतं आणि तो कागद बघून मोडलं, त्या दिवशी त्यांनी तो तिथं घातला होता. कागदच नसेल तर विचारणार काय, असा त्यांचा हिशेब. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाचा हा हिशेब. जे कागदावर नाही ते नाहीच, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि म्हणून माहितीपत्रक भरताना अकराव्या रकान्यापाशी त्यांचं पेन क्षणभर थांबलं होतं, मग चाललं होतं. त्यांना वाटलं होतं, आपण नातीचं भलं करतोय.

सकाळी बाकीचे तयार होत असताना त्यांनी कपाट उघडलं आणि तो कागद काढून रेक्झिनच्या पिशवीत घातला. सांगायचंच असं ठरवून नव्हे. घातला एवढंच. आणि मीही येतो, म्हणाले. गुलाबनं आश्चर्यानं बघितलं, पण हो म्हटलं.

एसटीत अंकिता खिडकीशी बसली आणि प्रभाकरराव तिच्या शेजारी. गुलाब-रूपाली दोन बाकं पुढं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीवाल्या बाया वाकलेल्या दिसत होत्या. गाडी जुनी, काचा खडखडत होत्या, इंजिनाची घरघर कानात बसत होती. पाऊण तास झाल्यावर प्रभाकरराव समोरच्या दांडीकडे बघत बोलले, "बाई, ते म्या लिहिलं. माहं चुकलं."

या खडखडाटात तिला ऐकू येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोलले. भित्र्या माणसाची कबुली ती, देवळात कोणी नसताना केलेल्या नवसासारखी.

अंकितानं त्यांचे ओठ हललेले पाहिले. "काही म्हटलं का, आबाजी?"

"काई नाई," ते म्हणाले. "वर्धा आलं म्हटलं."

वर्धा यायला अजून दहा किलोमीटर होते.

कोर्टाच्या आवारातली ती खोली लहानशी होती. एक टेबल, एक लोखंडी रॅक, भिंतीला टेकवलेला बाक. रक्षा मडावी वकीलबाई पस्तिशीच्या असतील. केस मागं घट्ट बांधलेले, गळ्यात पांढरे बँड, टेबलावर डबा. त्यांनी कागद मागण्याच्या आधी एक विचित्र गोष्ट केली. अंकिताची खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, स्वतः खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि विचारलं, "आता माझं तोंड नीट दिसतंय? पंखा बंद करू?"

अंकिता म्हणाली, बंद केला तर बरं होईल. पंखा बंद झाला. चौदा वर्षांत हा प्रश्न घरात तिला कोणी विचारला नव्हता, हे प्रभाकररावांना त्या थांबलेल्या पंख्याकडे बघताना कळलं.

मग विचारपूस सुरू झाली. नोकरी कधी लागली, असं बाईंनी विचारलं की गुलाब उत्तर द्यायचा. अर्ज कधी दिला, की रूपाली. घरातली सवयच ती, अंकिताच्या वतीनं बोलायची. दोन-तीनदा ऐकून घेऊन वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा. मी यांना विचारतेय." नंतर अंकिता बोलत गेली, तारखांसकट, आणि एकदाही अडली नाही.

बाईंनी आदेश दोनदा वाचला. अर्ज दिल्यापासून दहाव्या दिवशी काढलंय, म्हणाल्या, आणि मधे नोटीस नाही, चौकशी नाही, खुलासा मागितलेला नाही. अडीच वर्षांत कामाबद्दल एक ओळ वाईट लिहिलेली नाही. केस होण्यासारखी आहे. जिंकूच असं मी कोणाला सांगत नाही, पण लढण्यासारखी आहे. रूपालीनं हात जोडले. तेव्हा बाईंनी ती झेरॉक्स पुढं ओढली आणि अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"घोडं इथं अडतं. हे कोणी भरलं?"

"म्या," अंकिता म्हणाली. मग सावरून, "मी भरलं."

"सही तुमची दिसतेच. अक्षरही तुमचंच?"

"हो."

बाईंनी एक कोरा कागद आणि बॉलपेन तिच्यापुढं सरकवलं. आवाज चढवला नाही. "मग यावर लिहा, शारीरिक अपंगत्व नाही. तीनच शब्द. समोरचा वकील पहिल्या दिवशी हेच करायला लावेल. आणि अक्षर जुळलं नाही, तर तुम्ही खोटं बोललात एवढं एकच लक्षात राहील. पुढचं कितीही खरं असो, त्याची किंमत जाईल."

बाहेर कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. प्रभाकररावांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती. गुलाब त्यांच्याकडे बघत होता. गुलाबला माहीत असणार. सगळ्यांनाच माहीत असणार. त्या घरात ते अक्षर कोणाला ओळखू येत नव्हतं? तीन आठवडे सगळं घर त्यांची लाज राखत होतं, आणि त्याची किंमत ही पोरगी देत होती.

अंकितानं पेन उचललं. तिचं स्वतःचं अक्षर उभट, भरभर, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं. पण आता ती सावकाश लिहू लागली. 'श' काढताना तिनं वरचा फाटा गोल वळवला, खाली आणून किंचित आत ओढला, आणि प्रभाकररावांनी ओळखलं. तो 'श' त्यांचा होता. ती पाच वर्षांची असताना तिचा हात हातात धरून पाटीवर त्यांनीच तो तिला गिरवायला शिकवला होता. ऐकू कमी येतं हे तेव्हा कोणाला कळलं नव्हतं. फक्त हात धरून दाखवलं की पोरीला चटकन समजतं, एवढंच कळलं होतं. वीस वर्षांनी ती त्यांचं अक्षर काढत होती, आजोबांची चूक आपल्या नावावर जमा व्हावी म्हणून.

"थांब बाई," प्रभाकरराव म्हणाले.

तिची मान खाली होती. तिला ऐकू गेलं नाही. ती 'शारी'पर्यंत आली होती. त्यांनी पुढं वाकून तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. ते अक्षर माहं आहे."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळं बाहेर आलं. रकाना आपण भरला, तिला न विचारता भरला. तिनं कोणाला फसवलं नाही. पिशवीतून त्यांनी तो कागद काढला आणि टेबलावर ठेवला. घड्यांवर पिवळा पडलेला, पण शिक्का स्पष्ट होता. गुलाब म्हणाला, "बाबा, तुमी तर म्हणे सापडत नाई." रूपालीनं नुसतं सासऱ्यांकडे पाहिलं, आणि प्रभाकररावांना ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

"तिचं लग्न व्हावं म्हणून केलं," ते म्हणाले. "मले वाटलं, लिहिलं नाई तर नसते."

वकीलबाईंनी त्यांना रागावलं नाही आणि धीरही दिला नाही. प्रमाणपत्र उजेडात धरून नीट वाचलं. हे नोकरीच्या बारा वर्षं आधीचं आहे, फार मोठा आधार आहे, म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. तिकडे, नागपूरच्या शाळा न्यायाधिकरणात, तुम्हाला विचारतील. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पेन्शन घेता, खोटं लिहिताना कळत नव्हतं का? संस्थेचे लोक बसलेले असतील. टोचून विचारतील."

"विचारू द्या," प्रभाकरराव म्हणाले. भीती गेली नव्हती. पण आता ती निदान सरळ भीती होती, लपवलेली नव्हती.

बाईंनी अंकिताला विचारलं, की सही करताना तिनं तो रकाना वाचला होता का. गुलाबनं घाईनं मान हलवून नाही म्हण अशी खूण केली. अंकितानं ती पाहिली.

"वाचला होता," ती म्हणाली. "आबाजीनं लिहिलं होतं. त्याईच्या समोर खोडाखोड करावं असं मले नाई वाटलं."

"हेच सांगायचं. असंच." बाईंनी लिहून घेतलं. यानं आपलं काम थोडं अवघड होईल, पण पुढं कोणी पाडू शकणार नाही, म्हणाल्या.

प्रभाकररावांनी नातीकडे पाहिलं. म्हणजे अडीच वर्षं तिला माहीत होतं. "तू मले काऊन नाई म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी मले काऊन नाई विचारलं, आबाजी?"

प्रभाकररावांनी रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.

दिवस थोडे होते. अपील नागपूरला दाखल करायचं होतं, त्याच्या आधी फुकट वकिलासाठीचा अर्ज आजच्या आज मंजुरीला जायला हवा होता. बाईंनी दोन पानी छापील अर्ज टेबलावर ठेवला आणि त्या कोणाला तरी भेटायला बाहेर गेल्या. अर्ज टेबलावर आला तसा गुलाबनं तो बापापुढं सरकवला. विचार करून नव्हे. कागद दिसला की हात आपोआप तिकडे जायचा. आणि प्रभाकररावांनीही खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, ते मागं खोचलं. अर्जदाराचं संपूर्ण नाव. वय. पत्ता, मुक्काम पोस्ट अल्लीपूर. अक्षर नेहमीसारखंच गोल, ठसठशीत. खालचा रकाना आला. 'अर्जदार दिव्यांग आहे काय? असल्यास प्रकार व टक्केवारी.'

पेन टेकलं नाही. शाईचा एक ठिपका निबेवर फुगत होता. मग प्रभाकररावांनी अर्ज फिरवला, अंकिताच्या बाजूला केला, आणि ज्या पेनाला त्यांनी आजवर गुलाबलाही हात लावू दिला नव्हता ते तिच्या हातात दिलं.

"इथून पुढं तुयं तू लिही," ते म्हणाले.

अंकितानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. केस पुढं येत होते म्हणून तिनं ते दोन्ही बाजूंनी कानामागं सारले आणि लिहायला वाकली. रूपालीचा हात सवयीनं उठला, अर्ध्यावर थांबला, आणि परत मांडीवर गेला. खिडकीचा उजेड सरळ पोरीच्या कानावर पडला होता. यंत्र निळ्या रंगाचं होतं. गडद निळं, त्यांच्या शाईच्या जवळपासचं. प्रभाकररावांना आजवर त्याचा रंग माहीत नव्हता.

तिनं आपल्या उभट, भरभर अक्षरात लिहिलं, 'होय'. प्रकार लिहिला. टक्के लिहिले. मग पेन थांबवून विचारलं, "आबाजी, प्रमाणपत्राची तारीख?"

कागद बाईंच्या फाईलखाली होता, पण त्यांना बघायची गरज पडली नाही. "सतरा ऑगस्ट दोन हजार अकरा," ते म्हणाले. ते टेबलाकडे बघत बोलले होते, तिला कळलं नाही. तिनं पुन्हा मान वर केली. तेव्हा प्रभाकररावांनी खुर्ची थोडी ओढली, खिडकीकडे तोंड केलं, आणि तिच्या डोळ्यांत बघत तीच तारीख सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितली.